दाबलेलं बटण जातं कुठं?

वर्डमध्ये किंवा ब्राउझरमध्ये दिवसभर काम करणाऱ्याचा हात दर थोड्या वेळानं आपोआप कंट्रोल-एसकडे जातो. तोच हात लिनक्सच्या टर्मिनलवर आला की पडदा गोठतो. टाइप केलेलं उमटत नाही, एंटर मारून काही होत नाही. सर्व्हर हँग झाला असं समजून माणूस खिडकी बंद करतो आणि जतन न केलेलं काम त्या खिडकीबरोबर जातं. वास्तविक काहीही बिघडलेलं नसतं. कंट्रोल-क्यू दाबलं की पडदा पुन्हा चालू होतो आणि मधल्या काळात दाबलेलं सगळं एकदम पुढं येतं. म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो: गोठलेल्या पडद्यावर वैतागून दाबलेली बटणं वाया गेलेली नसतात, ती प्रोग्रामपर्यंत पोचतात आणि आज्ञा म्हणून पाळलीही जातात. पडदा गोठला तर हात थांबवावा आणि आधी कंट्रोल-क्यू दाबून बघावं.

हे असं का होतं, याचं उत्तर १९६३ साली आलेल्या टेलिटाइप मॉडेल ३३ या यंत्रापर्यंत जातं. सेकंदाला दहा अक्षरं कागदावर छापणारं हे यंत्र पुढं कितीतरी संगणकांना जोडलं गेलं. पलीकडून मजकूर वेगानं येऊ लागला की ‘थांब’ म्हणण्याची आणि नंतर ‘चालू कर’ म्हणण्याची सोय लागायची. त्याच काळात ठरलेल्या आस्की संकेतावलीतले १९ आणि १७ हे दोन संकेत त्या कामी आले. कंट्रोल-एस म्हणजे १९ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे १७. यंत्रं संग्रहालयात गेली, पण युनिक्स आणि लिनक्सच्या टर्मिनल ड्रायव्हरमध्ये ही सोय अजून जागी आहे. धावत्या लॉगचा मजकूर क्षणभर थोपवायला ती आजही उपयोगी पडते. तरी माझं मत असं, की बहुतेकांनी ती बंदच करावी. ‘एसटीटीवाय’ या आज्ञेला ‘आयक्सॉन’ हा पर्याय आधी वजाचं चिन्ह लावून दिला की काम होतं. तीच ओळ बॅशच्या सुरुवातीच्या फाइलीत घातली तर रोज टाइप करावी लागत नाही. याचा आणखी एक फायदा होतो. कंट्रोल-आरनं जुन्या आज्ञांमध्ये मागं मागं शोधता येतं हे पुष्कळांना ठाऊक असतं, पण शोधताना पुढं निघून गेल्यावर उलट दिशेनं यायचं बटण बॅशमध्ये कंट्रोल-एसच आहे. ड्रायव्हर ते मध्येच उचलत असल्यामुळे ते कित्येकांना कधी भेटतच नाही.

या एका उदाहरणात टर्मिनलमधल्या शॉर्टकटांच्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ दिसतं. व्हिम, ईमॅक्स, नॅनो, मिडनाइट कमांडर, एचटॉप यांसारख्या प्रोग्रामांना कीबोर्ड दिसत नाही. कोणतं बटण खाली गेलं, कोणतं वर आलं, शिफ्ट धरलेलं होतं का, यातलं त्यांना काही कळत नाही. त्यांच्याकडे येतात फक्त बाइट, एकामागून एक. दाबलेल्या बटणाचा बाइट होईपर्यंत आणि तो बाइट प्रोग्रामच्या हाती पडेपर्यंत तो अनेक हातांतून जातो, आणि त्यातला प्रत्येक जण तो अडवू किंवा बदलू शकतो. शॉर्टकट चालत नाही तेव्हा लोक प्रोग्रामच्या सेटिंगांत शिरून बदल करत सुटतात. त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मी दाबलेलं बटण नेमकं कुठपर्यंत पोचलं, आणि कोणत्या रूपात?

आधी रूपाचं बघू, कारण सर्वांत जास्त तास तिथं फुकट जातात. आस्की ही सात बिटांची संकेतावली आहे. तिच्यात मोठ्या लिपीतल्या ए या अक्षराचा क्रमांक ६५, छोट्या ए चा ९७. कंट्रोल बटण करतं एवढंच, की अक्षराच्या सात बिटांपैकी वरचे दोन पुसून टाकतं. ६५ मधून ते दोन गेले की उरतो १. ९७ मधून गेले तरी उरतो १च. म्हणून कंट्रोल-ए म्हणजे १, कंट्रोल-सी म्हणजे ३, कंट्रोल-झेड म्हणजे २६. पण याच हिशेबानं कंट्रोल-आय येतं ९ आणि टॅबचा क्रमांकही ९ आहे. कंट्रोल-एम येतं १३, तोच एंटरचा. कंट्रोल आणि उघडणारा चौकोनी कंस मिळून होतात २७, म्हणजे एस्केप. ही नुसती सारखी दिसणारी बटणं नाहीत. जुन्या पद्धतीच्या टर्मिनलमधून ती बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यात काही फरकच उरलेला नसतो. व्हिममध्ये कंट्रोल-आयला नवं काम नेमून दिलं आणि टॅबही तेच काम करू लागला, तर दोष व्हिमचा नाही आणि नेमणाऱ्याचाही नाही.

यातूनच आणखी दोन गोष्टी निघतात. कंट्रोल-शिफ्ट-सी आणि कंट्रोल-सी यांचा बाइट एकच, त्यामुळे प्रोग्रामला त्यांत भेद करता येत नाही. पुष्कळ टर्मिनलांमध्ये कॉपी करायला कंट्रोल-शिफ्ट-सी असतं ते याचमुळे: ते बटण बाहेर पाठवून तसाही वेगळा उपयोग नव्हता, म्हणून टर्मिनलनं ते स्वतःसाठी ठेवून घेतलं. दुसरी गोष्ट, कंट्रोल-१ किंवा कंट्रोल-स्वल्पविराम यांना या हिशेबात जागाच नाही. टर्मिनल बहुधा नुसता १ किंवा नुसता स्वल्पविराम पाठवून मोकळं होतं. असा शॉर्टकट ठरवून तो का चालत नाही याचा शोध प्रोग्राममध्ये घेण्यात अर्थ नसतो.

बॅकस्पेसची कथा तर स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. आस्कीत ८ हा क्रमांक ‘एक घर मागं जा’ यासाठी आहे, आणि १२७ हा ‘खोडलेलं’ यासाठी. १२७च का? तर छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर एकदा पाडलेलं छिद्र बुजवता येत नाही, पण चुकलेल्या अक्षराच्या जागी सातही छिद्रं पाडून ते अक्षर निकालात काढता येतं. सातही बिट एक म्हणजे १२७. पुढं पडद्याची टर्मिनलं आली तेव्हा कुणी बॅकस्पेसच्या बटणाला ८ दिला, कुणी १२७. आजही एका टर्मिनलमधून दुसऱ्या सर्व्हरवर गेल्यावर बॅकस्पेस दाबताच अक्षर पुसण्याऐवजी ‘^’ आणि त्यापुढं इंग्रजी एच किंवा प्रश्नचिन्ह उमटतं, ते या दोन पद्धतींच्या टकरीमुळे. ईमॅक्स वापरणाऱ्यांना याचा फटका वेगळ्या प्रकारे बसतो. ८ म्हणजे कंट्रोल-एच, आणि ईमॅक्समध्ये कंट्रोल-एच म्हणजे मदतीचं पान. खोडायला जावं तर मदत उघडते. उपाय दोन टोकांना आहेत. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये बॅकस्पेसनं काय पाठवावं ते निवडता येतं. किंवा ‘एसटीटीवाय’ला ‘इरेझ’ हा शब्द देऊन त्यापुढं खुद्द बॅकस्पेस दाबायचं, म्हणजे ड्रायव्हरला कळतं की खोडायचा संकेत हाच. पहिला उपाय मला जास्त बरा वाटतो. टर्मिनलनं १२७ पाठवावा हे आज लिनक्सवर बऱ्यापैकी रुळलेलं आहे, आणि तिथं एकदा दुरुस्त केलं की प्रत्येक सर्व्हरवर वेगळं जुळवावं लागत नाही.

आता वाट बघू. बटण दाबल्यावर पहिला हक्क असतो डेस्कटॉपचा. मॅकवर कंट्रोल आणि डावा-उजवा बाण ही जोडी एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर नेते, त्यामुळे शब्दागणिक पुढं जायला ती टर्मिनलमध्ये वापरावी तर टर्मिनलपर्यंत पोचतच नाही. मॅकवरच कंट्रोल-स्पेस भाषा बदलण्यासाठी राखलेलं असतं, आणि ईमॅक्समध्ये मजकूर निवडायची सुरुवात नेमकी त्याच जोडीनं होते. मराठी आणि इंग्रजी असे दोन कीबोर्ड लावून काम करणाऱ्याला हे हमखास भेटतं. अशा वेळी एकतर भाषा बदलायचा शॉर्टकट दुसरा ठेवावा किंवा ईमॅक्समध्ये कंट्रोल आणि ‘@’ वापरावं, कारण कंट्रोल-स्पेसचा आणि त्याचा बाइट एकच, शून्य.

डेस्कटॉपनं सोडलं की बटण येतं टर्मिनलच्या खिडकीकडे. ग्नोमच्या टर्मिनलमध्ये एफ-१० दाबलं की खिडकीचा मेनू उघडण्याची सोय आहे, तर मिडनाइट कमांडरमधून बाहेर पडायचं बटणही एफ-१०च. सेटिंगमध्ये ही मेनूची सोय बंद करता येते. ते जमत नसेल तर मिडनाइट कमांडरमध्ये एस्केप दाबून मग शून्य दाबावं. एस्केपनंतर आलेल्या अंकाला तो फंक्शनचं बटण मानतो. विंडोज टर्मिनल कंट्रोल-व्ही स्वतःकडे घेऊन मजकूर चिकटवतं, त्यामुळे व्हिममध्ये उभे रकाने निवडायला बसलेला माणूस गोंधळतो. ब्राउझरमध्ये उघडलेल्या टर्मिनलात नॅनो चालवून शोधासाठी कंट्रोल-डब्ल्यू दाबलं तर अख्खा टॅबच बंद होऊ शकतो. यापुढं टीमक्स किंवा स्क्रीनसारखा मधला प्रोग्राम असला तर त्याचं स्वतःचं आघाडीचं बटण असतं. टीमक्सचं कंट्रोल-बी, स्क्रीनचं कंट्रोल-ए. ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए दाबणाऱ्याला स्क्रीनमध्ये काहीच घडताना दिसत नाही. तिथं कंट्रोल-ए आणि मग नुसतं ए दाबलं की ते आतल्या प्रोग्रामकडे जातं. टीमक्समध्ये कंट्रोल-बी दोनदा दाबायचं. आणि एवढं सगळं पार केल्यावर असतो तो कर्नेलमधला टर्मिनल ड्रायव्हर, कंट्रोल-एस गिळणारा.

मग बटण कुठं अडलं हे ओळखायचं कसं? यासाठी कोणतंही नवं साधन बसवावं लागत नाही. बॅशमध्ये कंट्रोल-व्ही दाबायचं, सोडायचं आणि मग संशयित बटण दाबायचं. कंट्रोल-व्हीचा अर्थ ‘पुढचं येईल ते अर्थ न लावता जसंच्या तसं उमटव’. वरचा बाण दाबला तर ‘^[[’ आणि पुढं इंग्रजी ए असं दिसतं. यातली ‘^[’ ही जोडी म्हणजे एस्केपचा बाइट, त्यापुढचा कंस आणि ए ही साधी अक्षरं. दुसरा मार्ग ‘कॅट’ या आज्ञेला वजा-व्ही पर्याय देऊन बटणं दाबत बसायचा, पण तिथं कंट्रोल-सी थेट दाबलं तर कॅटच बंद पडेल आणि कंट्रोल-एस पडदा थांबवील. आधी कंट्रोल-व्ही दाबलं की तेही पकडीत येतात. लिनक्सवर ‘शोकी’ ही आज्ञा वजा-ए पर्यायासह दिली तर प्रत्येक बाइटचा आकडाच समोर येतो आणि कंट्रोल-डी दाबून बाहेर पडता येतं.

जे दिसतं त्यावरून पुढचा रस्ता ठरतो. काहीच उमटलं नाही तर बटण टर्मिनलच्या अलीकडेच कुणीतरी घेतलं. डेस्कटॉपचे आणि टर्मिनलच्या खिडकीचे शॉर्टकट तपासायचे, व्हिममध्ये डोकं घालायचं नाही. काहीतरी उमटलं पण अपेक्षेपेक्षा वेगळं, तर रूपाचा घोळ आहे. नेमकं हवं तेच उमटलं तर टर्मिनल निर्दोष आहे आणि शोध आत सरकतो. हीच चाचणी आधी टीमक्सच्या बाहेर आणि मग आत करावी. बाहेर दिसलेलं आत दिसलं नाही तर टीमक्सकडे बोट जातं. दूरच्या सर्व्हरवर अडचण असेल तर आधी आपल्या मशीनवर, मग तिथं. सगळीकडे बाइट ठीक पोचत असेल तर मग प्रोग्रामलाच विचारायचं: बॅशमध्ये ‘बाइंड’ला वजा-पी देऊन, झेडएसएचमध्ये ‘बाइंडकी’नं, व्हिममध्ये ‘व्हर्बोज मॅप’ या आज्ञेनं. व्हिमची ती आज्ञा कोणत्या फाइलीनं कोणतं बटण बदललं हेसुद्धा सांगते, आणि एखादं प्लगइन आपलं बटण परस्पर घेऊन बसलं असेल तर ते तिथं उघडं पडतं.

एस्केपचा बाइट बाणांच्या बटणांतही दिसला, त्याचा त्रास वेगळा. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कंपनीचं व्हीटी-१०० हे टर्मिनल आलं आणि बाणांसाठी एस्केप, कंस आणि अक्षर ही पद्धत सर्वत्र रुजली. ऑल्ट बटणाचंही तसंच: टर्मिनल बहुधा आधी एस्केप आणि मागोमाग ते अक्षर पाठवतं. आता प्रोग्रामच्या बाजूनं विचार करा. २७ हा बाइट आला. हे माणसानं दाबलेलं एस्केप, की बाणाच्या संकेताची सुरुवात? सांगायला कुठलीही खूण नाही. तेव्हा प्रोग्राम थोडा वेळ वाट बघतो. लगेच पुढचा बाइट आला तर बाण किंवा ऑल्ट, न आला तर खरं एस्केप. व्हिममध्ये एस्केप दाबल्यावर जाणवणारी ती रेंगाळ यामुळे असते. टीमक्समध्ये ही थांबण्याची मुदत वर्षानुवर्षं अर्धा सेकंद होती. ‘एस्केप-टाइम’ हे त्याचं सेटिंग दहा-वीस मिलिसेकंदांवर आणलं की व्हिम एकदम हलकं वाटू लागतं. मात्र संथ, अडखळत्या जोडणीवर ही मुदत फार कमी ठेवली तर बाणाचे बाइट तुटून पोचतात, आणि बाण दाबल्यावर मजकुरात भलतीच अक्षरं घुसतात. मॅकच्या टर्मिनलमध्ये ऑप्शन बटण मुळात वेगळी चिन्हं काढण्यासाठी असतं; त्याला ऑल्टसारखं वागवायचं असेल तर ‘ऑप्शन हे मेटा बटण म्हणून वापरा’ हा पर्याय सुरू करावा लागतो.

कोणतं टर्मिनल कोणत्या बटणाला काय पाठवतं याची यादी प्रोग्रामांना लागते. बर्कलीत बिल जॉय यांनी व्हीआय संपादकासाठी अशी यादी केली, ती टर्मकॅप. तिची जागा नंतर टर्मइन्फोनं घेतली. या यादीत कुठं बघायचं ते ‘टर्म’ या नावाच्या चलावरून ठरतं. इंटरनेटवरचा सल्ला वाचून आपल्या फाइलीत हे चल हातानं कायमचं ठरवून टाकायची सवय पुष्कळांना असते आणि ती मोडलेली बरी. टीमक्सच्या आत असताना ‘मी एक्सटर्म आहे’ असं सांगितलं तर होम, एंड किंवा फंक्शनची बटणं चुकीची वाचली जाण्याची दारं उघडतात. हे चल टर्मिनलला आणि टीमक्सलाच ठरवू द्यावं. नवं टर्मिनल घेऊन जुन्या सर्व्हरवर गेल्यावर ‘हे टर्मिनल मला माहीत नाही’ अशी तक्रार आली, तर आपल्याकडची नोंद ‘इन्फोकॉम्प’नं काढून तिकडं ‘टिक’ या आज्ञेनं बसवता येते.

मराठीत लिहिणाऱ्यांचा एक प्रश्न निराळा आहे. इनस्क्रिप्ट मांडणी चालू ठेवून व्हिममध्ये मजकूर लिहिला, एस्केप दाबलं आणि खाली जायला इंग्रजी ‘जे’ दाबलं, तर व्हिमकडे ‘जे’ येतच नाही, येतो र. वर जायचं के होतं क, एच होतं प, एल होतं त. फाइल जतन करून बाहेर पडायला अपूर्णविरामाच्या (‘:’) बटणानं सुरुवात करावी तर छ उमटतो. प्रोग्राम नादुरुस्त नाही, त्याला बटणाची जागा कळत नाही, फक्त अक्षर कळतं. प्रत्येक वेळी मांडणी बदलत राहणं हा एक उपाय, पण तो लिहिण्याची लय मोडतो. त्यापेक्षा व्हिमची स्वतःची ‘कीमॅप’ सोय वापरावी: देवनागरी मांडणीची एक साधी फाइल तयार करून व्हिमला द्यायची आणि संगणकाचा कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवायचा. मजकूर लिहिताना देवनागरी येते, आज्ञा देताना बटणं आपोआप इंग्रजी राहतात. ध्वनीनुसार टाइप करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. अक्षर जुळत असताना, म्हणजे ते अजून अधोरेखित दिसत असताना, दाबलेलं एंटर किंवा बॅकस्पेस इनपुट मेथड स्वतःकडे ठेवू शकते. आधी अक्षर पक्कं होऊ द्यावं.

साठ वर्षांपूर्वीच्या हिशेबातून बाहेर पडायचा प्रयत्नही जोरात चालू आहे. एक्सटर्मनं बदललेली बटणं लांब संकेतांनी पाठवायची सोय फार पूर्वी केली. अलीकडे कोविद गोयल यांनी किटी या आपल्या टर्मिनलसाठी नवी पद्धत मांडली, तिच्यात टॅब आणि कंट्रोल-आय वेगळे ओळखता येतात, एस्केपही संदिग्ध राहत नाही. निओव्हिम, फिश असे प्रोग्राम आणि फूट, घोस्टी अशी टर्मिनलं ती आता जाणतात. ही पद्धत आपोआप लागू होत नाही. प्रोग्रामनं सुरुवातीला ती मागायची आणि जाताना परत करायची असते. टर्मिनल, टीमक्स आणि प्रोग्राम या तिघांनाही ती समजली तरच फायदा, मधला एक जण जुना असला तर गाडं पुन्हा आस्कीवर येतं. आणि प्रोग्राम मध्येच कोसळला तर परत करायचं राहून जातं. मग शेलमध्ये साधं बटण दाबलं तरी आकडे आणि अर्धविराम उमटू लागतात. कधी एंटर दाबल्यावर ‘^’ आणि इंग्रजी एम दिसतं आणि आज्ञा पुढंच सरकत नाही, कारण १३चं १० करण्याचं ड्रायव्हरचं काम बंद पडलेलं असतं. अशा वेळी एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबायचं. त्याचा बाइट १०च आहे. आधी एकदा कंट्रोल-जे, मग ‘रीसेट’ हा शब्द, तो उमटताना दिसला नाही तरी न थांबता पुरा टाइप करायचा, आणि पुन्हा कंट्रोल-जे. खिडकी बंद करावी लागत नाही.